मी गाळलेल्या बंदुका

२१ जानेवारी २०२१, गुरुवार. मी मेथी निवडत होते. शाळा बंद होत्या, त्यामुळे नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातल्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल हाच लेकीचा वर्ग होता. लॅपटॉपच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी मी बसले होते.

त्या दिवशी वर्गापुढे तिचं भाषण होतं. इथे प्रत्येक मुलाला आवडीच्या विषयावर बोलावं लागतं. बाकीच्यांनी घोडे, डॉल्फिन घेतले. हिने सुरिनाम या जुन्या डच वसाहतीतली एक बाई घेतली: डच मळ्यावरून पळालेली गुलाम, जंगलात माणसं जमवून बंदुकांनिशी त्याच मळ्यांवर चालून गेलेली.

आदल्या दिवशी मी स्लाइड तपासल्या आणि बंदुकांच्या सगळ्या काढून टाकल्या.

"आई, ती लीडर होती! लढली म्हणून तर घेतली मी तिला."

"त्यांच्याच शाळेत त्यांच्याच पणजोबांना शिव्या कशाला? आपलं इथे राहायचं परमिट वाढवून घ्यायचंय अजून."

"परमिट काय टीचर देते?"

"शहाणपणा पुरे. पळताना केसांत भाताचं बी लपवून नेलं, ते सांग. छान आहे ते."

तिने तेवढंच सांगितलं. वर्गाच्या बाईंनी कौतुक केलं. मग वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. "माझी आजी सुरिनामची आहे. ती म्हणते, ही बाई लढली होती. ते तू का नाही सांगितलंस?"

माझं डच कामापुरतंच, पण हे समजलं. लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी मेथीत डोकं खुपसलं.

"मला माहीत नव्हतं," लेक म्हणाली.

त्या मुलीने कॅमेरा बंद केला.

मराठी मंडळाच्या फॅन्सी ड्रेसला पुठ्ठ्याची तलवार देऊन मीच हिला इंग्रजांशी लढणारी राणी केलं होतं. तेव्हा बरं कुणाचे पणजोबा आठवले नाहीत. भाजी केली, ताटं वाढली.

"मी खोटं बोलले, आई," ती जेवताना म्हणाली. "तिच्या आजीच्या माणसांबद्दल." रडली असती तर समजूत घालता आली असती. ती रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची परवानगी घेऊन मी कॅमेऱ्यासमोर बसले. मोडक्यातोडक्या डचमध्ये वर्गाला सांगितलं, हिला सगळं माहीत होतं, स्लाइड मी काढल्या, घाबरून. मग उठले आणि उरलेलं सांगायला खुर्ची लेकीला दिली.