अदलाबदल झालेले दोन रक्तगट

रक्तपेढीत त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिकवलं त्यांनी कधीच नव्हतं. पण कुणाच्या चिठ्ठीतला ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून नाव चिकटलं. अठरा वर्षं त्या रक्तदात्यांच्या नोंदी ठेवत होत्या. आधी कार्डांवर, मग संगणकात.

पेढीचा डेटाबेस अजून पक्का झालेला नव्हता. कंपनी त्याच्या बीटा आवृत्त्या पाठवी, म्हणजे वापरून बघायला दिलेल्या कच्च्या आवृत्त्या. दुसरा बीटा आठ महिने बरा चालला. मग तिसरा आला. सोबतची चार पानं वाचणाऱ्या मास्तरीणबाई एकट्याच. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की जुन्या फायली तशाच नव्या आवृत्तीत घालू नका. जुन्यातून सगळी माहिती बाहेर काढा आणि नव्यात पुन्हा भरा.

"दोन दिवस लागतील, साहेब," त्या प्रमुख डॉक्टरांना म्हणाल्या.

"दोन दिवस पेढी बंद? तुमचं आपलं काहीतरीच!"

कंपनीचा माणूस हसला. "बाई, फायली उघडतात की. मी बघितलंय."

उघडल्याही. नावं जागच्या जागी, तारखा बरोबर. मास्तरीणबाईंनी ओठांवर आलेलं गिळलं आणि नवी आवृत्ती बसवल्याच्या कागदावर सही केली.

चौथ्या दिवशी सकाळी नेहमीचे रक्तदाते शिंपीमामा आले. नवं कार्ड हातात घेऊन म्हणाले, "काय हो, माझं रक्त बदललं की काय? बी निगेटिव्हचा ए निगेटिव्ह केलंत मला!"

ते हसत होते. मास्तरीणबाई तडक उठल्या. त्यांनी कपाटातली जुनी कार्डं काढली आणि एकेक पडद्याशी ताडून पाहू लागल्या. बाकीचे गट ठीक होते. ए निगेटिव्ह आणि बी निगेटिव्ह मात्र सरसकट उलटे झाले होते. डेटाबेस गटाचं नाव ठेवत नव्हता, यादीतला त्याचा क्रमांक ठेवत होता. आणि नव्या बीटात त्या यादीत या दोन गटांचा क्रम बदललेला होता. पिशव्यांवरची लेबलं याच नोंदींवरून छापली जात.

या चार दिवसांत त्या गटांच्या पाच पिशव्यांवर लेबलं लागली होती. तीन फ्रिजमध्येच सापडल्या. चौथी मोठ्या रुग्णालयात न वापरता पडून होती. पाचवी गेली होती तासाभराच्या अंतरावरच्या दवाखान्यात.

"तिथे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून बघतातच ना लावण्याआधी," डॉक्टर म्हणाले.

"घाईतसुद्धा?"

मास्तरीणबाईंनी फोन फिरवला.

"ए निगेटिव्हची पिशवी?" पलीकडून नर्स म्हणाली. "लावली ना. दहा मिनिटं झाली. बाईंना थंडी वाजतेय जराशी."

"बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा! लेबल चुकलंय!"

रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. धावती पावलं. कुणीतरी ओरडलं, मग लोखंडी काहीतरी फरशीवर पडलं. मग नुसती शांतता. मास्तरीणबाई फोन कानाला लावून उभ्या राहिल्या.

ती बाई वाचली. मूत्रपिंडं मात्र बंद पडली. तीन आठवडे डायलिसिसच्या यंत्रावर काढावे लागले.

चौकशीत डॉक्टरांनी कंपनीकडे बोट दाखवलं, कंपनीने दवाखान्याकडे. मास्तरीणबाईंनी लिहून दिलं: "सूचना मी वाचली होती. एकदा सांगून मी गप्प बसले."

नवरा वैतागला. "कशाला उगाच स्वतःच्या गळ्यात घेतेस?"

"घेत नाहीये. होतंच ते."

महिन्याभराने मास्तरीणबाई त्या दवाखान्यात गेल्या. बाई उशीला टेकून बसली होती. चेहरा अजून सुजलेला, मनगटावर सुयांचे निळे डाग.

"कोण तुम्ही?"

"रक्तपेढीतली."

बाईने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. "म्हणजे तो फोन तुमचाच! तुम्हीच वाचवलंत मला."

सूचना वाचूनही आपण गप्प बसलो, हे सांगायलाच त्या आल्या होत्या. ते सांगायचं राहिलं. बाई हात सोडत नव्हती, आणि त्या तशाच उभ्या होत्या.