नव्या ज्वारीची चिमूट

सातपुड्यात आठ दिवस हिंडून परतताना नंदुरबार स्टेशनवर कळलं, सुरतेकडची गाडी तीन तास उशिरा आहे. उशीर, आळस, बेपर्वाई यांवर मी मनातल्या मनात एक जळजळीत पत्रक लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात एक रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, आठे काय बशी ऱ्हायनी? (इथे काय बसलीस?) चाल, स्मारक दखाडस (दाखवतो)."

स्मारक भर बाजारात आहे. बेचाळीस साली तिरंगा घेऊन निघालेली शाळकरी पोरं इथे गोळ्यांनी पडली. त्यांची गोष्ट मी लहानपणापासून पत्रकांत वाचलेली. समोर उभी राहून मी एकेक नाव वाचू लागले.

शेजारी एक बाई आणि तिची दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. बाई खापर गावाच्या वरच्या डोंगरातली, माझ्याच गाडीने ऊसतोडीला निघालेली. मुलगी, सुनीता, इथल्याच वसतिगृहात राहायची. गाडीला वेळ होता म्हणून तीच याहाला (आईला) शहर दाखवत होती. पण तिचं दप्तर कपड्यांनी फुगलं होतं.

"मी वसतिगृहात नाही राहणार. याहासोबत तोडीला जाणार," ती मला म्हणाली.

मी लगेच सुरू झाले. शिक्षण, हक्क, या मुलांचं बलिदान.

"ताई, तुम्ही तर आमच्या सरांसारखंच बोलता," सुनीता म्हणाली.

बाईने भिलीत काहीतरी विचारलं. सुनीताने सांगितलं, "याहा विचारते, यांच्या आया तेव्हा कुठे होत्या?"

एवढी पत्रकं वाचली, वाटली. एकातही आई नव्हती.

बाईने पदराची गाठ सोडली. आत नवी ज्वारी होती. त्यांच्याकडे नवं धान्य आधी पूर्वजांना देतात, मगच खातात. याला नवाई म्हणतात. यंदा निघायच्या घाईत ती राहून गेली होती. बाईने एक चिमूट स्मारकाच्या पायाशी ठेवली.

"याहा, ही पोरं काय आपल्या घरची आहेत?" सुनीता हसली. मग आईचं उत्तर तिने मला हळू आवाजात सांगितलं. "म्हणते, आता झाली आपल्या घरची. होळीला ती परत येईल, तोवर ही पोरं माझ्याकडे लक्ष ठेवतील."

उरलेले दाणे बाईने लेकीच्या तळहातावर ठेवले. सुनीता ते बराच वेळ चावत राहिली. मग दप्तर सावरून आमच्याआधी काकांच्या रिक्षात चढली.

"काका, आधी वसतिगृहाकडे घ्या."

"बस, बेटा," काका म्हणाले.

सुरतेच्या गाडीत बाई एकटीच खिडकीशी बसली होती. पदराची रिकामी गाठ तिने पुन्हा घट्ट बांधली होती.

घरी आल्यावर नवं पत्रक लिहायला बसले. पहिली ओळ नेहमीसारखी घोषणेची होती. ती खोडून मी लिहिलं: यांच्या आया तेव्हा कुठे होत्या?