हारासाठी मान

आमच्या पेन्शन विभागातल्या दीदी कॉम्प्युटरवर आलेली प्रत्येक सूचना मोठ्याने वाचत. बाकी सगळं ऑफिस न वाचताच ‘येस’ दाबतं. त्या मात्र स्क्रीनवर बोट ठेवून पोथी वाचावी तशा शेवटच्या ओळीपर्यंत जात.

पेन्शनच्या पत्राचा नमुना त्यांनीच वर्डमध्ये केला होता. त्यात मॅक्रो होता, म्हणजे एक बटण दाबलं की नाव, हुद्दा, बँक जिथल्या तिथे बसे. त्याआधी हाताने टाइप करताना एका बाईच्या पत्रात भलत्याच माणसाचं नाव नवरा म्हणून गेलं होतं. ती शहराबाहेरच्या तिलवाऱ्याहून आली आणि पत्र पुढे धरून तिने त्या नावावर बोट ठेवलं.

“मॅक्रोवाली फाइल डॉकएम प्रकारातच ठेवायची,” दीदी सगळ्यांना दरडावत. “साधी डॉकएक्स केली की बटण गेलं. बाहेर पाठवायला पीडीएफ आहे ना, मग ओरिजिनलला काहून हात लावून राहिले?”

मी त्यांना जरा वचकूनच असे.

त्या रिटायर झाल्या त्या दिवशी सदर बाजारातून समोसे आले. साहेब हार घेऊन उभे होते. दीदींच्या जागी आलेले बाबू तो नमुना आपल्या नावाने सेव्ह करत होते. सूचना आली, तसा त्यांचा हात ‘येस’कडे वळला. दीदींनी माउस धरला.

“वाचा.”

“दीदी, साहब खड़े हैं.”

“राहू द्या. वाचा.”

बाबूंनी वाचलं. ‘येस’ म्हटलं तर मॅक्रो जाणार होता. त्यांनी ‘नो’ दाबून डॉकएम निवडलं. दीदींनी बटण एकदा चालवून पाहिलं, आणि मगच हारासाठी मान वाकवली.