न खरवडलेले माळवद

माझा मुलगा लातूरला आणि नांदेडला मोठे शिकवणी वर्ग चालवतो. नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी तो मुलांना आणि पालकांना सभागृहात बसवून एक गोष्ट सांगतो. ती गोष्ट त्याच्या आईच्या मरणाची, म्हणजे माझ्या बायकोच्या मरणाची आहे. ती सांगताना त्याचा आवाज ठरावीक ठिकाणी जड होतो, समोर बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावतात, टाळ्या होतात आणि मग प्रवेशाची खिडकी उघडते. खांद्यावर शाल घेऊन व्यासपीठावर बसवलेला म्हातारा मी असतो. गोष्टीतला अडाणी बापही मीच.

त्याची गोष्ट अशी आहे. 'आमचं घर दगडामातीचं, वर माळवद. माझे वडील साधे अडाणी शेतकरी. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते छतावर मातीचा नवा थर टाकायचे. थरावर थर. त्या वजनाचं गणित त्यांना कळत नव्हतं. भूकंप आला आणि त्या वजनाखाली माझी आई गेली. त्या दिवशी मी ठरवलं की अज्ञानाशी लढायचं.'

आता नातलगांतही हीच गोष्ट चालते. मागे एका लग्नात माझ्या मेव्हण्याच्या सुनेने मला वाढता वाढता विचारले, "मामा, तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई का, माती जड असते म्हणून?" ताटावरून उठणे मला शोभले नसते, म्हणून मी जेवलो. पण तिला उत्तर देणे राहिले आहे, आणि ते मी आता सगळ्यांनाच देतो.

मी अडाणी नव्हे. मी उदगीरला राहून मॅट्रिक झालो, त्या काळी आमच्या गावात मॅट्रिक झालेला दुसरा माणूस नव्हता. नोकरी मिळत असताना मी शेती धरली, कारण वडील थकले होते आणि जमीन पडीक ठेवणे आमच्या घरात पाप मानले जाई. गावच्या वाचनालयाची किल्ली कित्येक वर्षे माझ्या कमरेला होती. मुलाने पहिली पुस्तके वाचली ती त्याच वाचनालयातली. हे त्याच्या गोष्टीत कधी येत नाही.

आणि मातीच्या वजनाविषयी मला कुणी शिकवण्याची गरज नाही. माळवद म्हणजे काय, हे आता पत्र्याखाली आणि स्लॅबखाली वाढलेल्यांना सांगावे लागते. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, त्यांवर मातीचा जाड थर, आणि सर्वांत वर गढीवरून आणलेली पांढरी माती. ही पांढरी माती पाणी खाली झिरपू देत नाही. परंतु पावसाने ती वाहून जाते, भेगाळते, तिच्यावर गवत उगवते. म्हणून मृगाच्या आधी नवी माती घालावी लागते. तथापि नवी माती घालण्यापूर्वी वाळलेले गवत मुळासकट काढायचे, वरचा मेलेला थर कुदळीने आणि खुरप्याने खरवडून खाली टाकायचा, असा दंडक होता. जितके घालायचे तितके आधी काढायचे. माझ्या आजाने वडिलांना शिकवले, वडिलांनी मला, मी मुलाला. पाठ मोडणारे काम आहे. उन्हाच्या दिवसांत, ओणव्याने, नाकातोंडात धूळ घेत करायचे. जे ते टाळत, ते जुन्यावरच नवे अंथरत. पाणी तसेही अडते, खालून पाहणाऱ्याला फरक कळत नाही, आणि घर मात्र दर वर्षी डोक्यावर थोडे अधिक ओझे घेते. आमच्या भागात असे टाळणारे पुष्कळ होते. मी त्यांतला नव्हतो.

जुन्या तुळयांवर हलक्या पायाचा माणूस बरा, म्हणून खरवडण्याचे काम घरातल्या तरण्या मुलाकडे असे. गढीची माती गाडीने आणून दारात टाकणे माझे काम. ती वर चढवून पसरणे आणि चोपणे बायकांचे. त्या वर्षी मुलगा बारावीला जाणार होता. लातूरला शिकवण्यांचे वारे नुकतेच सुटले होते, सुट्टीतच वर्ग सुरू होत, आणि त्याने तिथे खोली घेतली होती. दोन दिवसांसाठी तो गावी आला तेव्हा मी त्याला सांगितले, "जायच्या आधी माळवद खरवडून जा."

"अण्णा, माझा वर्ग बुडंल."

"वर्ग बुडाला तर पुढच्या वर्षी भरंल. घर गळलं तर काय करायचं?"

मी सावडीच्या कुळवणीला गेलो. सावड म्हणजे आज माझे बैल तुझ्या रानात, उद्या तुझे माझ्या. माझी देवणी जोडी सगळ्यांना हवी असे आणि दिलेला शब्द मोडणे मला जमत नसे. संध्याकाळी परतलो तेव्हा मुलगा गेलेला होता. चुलीपुढे बसलेल्या बायकोला मी विचारले, "खरवडलं का त्यानं?"

"हाव, झालं की," ती म्हणाली. "माती उकिरड्यावर टाकली. तुम्ही आता गढीची माती आणायचं बघा."

मी आणली. तिने दोन बाया लावून ती वर चढवली आणि चोपली. त्या पावसाळ्यात घर एकदाही गळले नाही.

गणपती बोळवले त्या रात्री पहाटेच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे राखणीच्या खोपटात, होतो. जमिनीने मला बाजेवरून खाली फेकले. धावत गावाकडे आलो तो गाव नव्हते, धूळ होती आणि धुळीतून येणारे आवाज होते. त्या सकाळचे वर्णन मी करणार नाही. ते पुष्कळांनी केले आहे, त्यांत न पाहिलेल्यांनी अधिक. मी माझ्या घराच्या जागी हातांनी आणि पहारीने उकरत होतो, शेजारी माझ्यासोबत होते. उकरता उकरता माळवदाचे एक मोठे ढेकूळ सबंधच्या सबंध उभे निघाले. कापलेल्या भाकरीची बाजू दिसावी तशी त्याची बाजू माझ्यासमोर आली. वर त्या वर्षीची पांढरी माती. तिच्या खाली दबलेले, पिवळे पडलेले, मुळासकट गवत. त्याच्या खाली जुना थर, जसाच्या तसा.

गवत होते. म्हणजे खुरपे लागलेच नव्हते.

मी ते ढेकूळ बाजूला लोटले आणि उकरत राहिलो. दुपारी ती सापडली. मुलगा एका ट्रकमधून लातूरहून आला आणि माझ्या पायांवर पडून रडू लागला. माझ्या जिभेवर वाक्य तयार होते. मी ते गिळले. समोर ती झाकून ठेवलेली होती, आणि तिने मला चुलीपुढे 'हाव, झालं की' असे सांगितले होते. मुलगा खोटा ठरला असता, तर आधी ती खोटी ठरली असती. बोलू न शकणाऱ्या माणसाला खोटे पाडण्याचा अधिकार मला कुणी दिलेला नाही.

मी न्यायाने बोलतो, म्हणून हेही लिहितो: आमच्याच आळीत एकाचे माळवद दर वर्षी खरवडलेले असे. तेही पडले. आमचे खरवडलेले असते तर ती वाचली असती, असा दावा मी केलेला नाही आणि करणारही नाही. माझा दावा एवढाच आहे की काय करायला हवे ते आम्हाला ठाऊक होते, ते सांगितले होते आणि ते केले गेले नाही. याला अज्ञान म्हणत नाहीत. याला टाळाटाळ म्हणतात, आणि ती शिकलेल्या माणसालाही जमते.

पुढे गाव नव्या जागी वसले. मुलगा डॉक्टर झाला नाही, डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना शिकवू लागला आणि त्यात त्याला अफाट यश आले. त्याच्या हुशारीविषयी मला शंका नाही. वर्गांसाठी त्याने बांधलेल्या वसतिगृहात मात्र मी त्याच्याजवळ राहू शकलो नाही. एकदा जेवणघरात एक धिप्पाड मुलगा ताट तसेच सोडून उठला. मी म्हणालो, "बाबा, आपलं ताट आपण उचलावं." तेवढ्यावर माझी सून धावत आली.

"अण्णा, त्यांना असलं काही सांगू नका. त्यांचे आईवडील तक्रार करतात."

"ताट उचलायला लावलं म्हणून तक्रार?"

"त्यांनी फक्त अभ्यास करावा. बाकीचं बघायला माणसं ठेवलीत आपण."

रात्री मुलानेही तेच समजावले आणि वर हसून म्हणाला, "अण्णा, तुमचा काळ घामाचा होता. आता डोक्याचा आहे."

मी म्हणालो, "डोक्याला हात फुटलेले असतात, ते कशाला दिलेत देवानं? मोबाइल धरायला?"

तो हसला. माझ्या रागावर हसण्याची त्याला सवय झाली आहे. पण 'तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो' हे वाक्य मी मराठवाड्यातल्या घराघरांत ऐकतो, आणि प्रत्येक वेळी मला ती पिवळ्या गवताची रेघ दिसते. त्या 'बाकी'मध्ये कोण कोण ओणवे झालेले असते, हे त्या मुलांना कळतच नाही. पुढे ती मोठी होतात, इमारती बांधतात आणि ओणव्या माणसांनाच अडाणी म्हणतात.

यंदा नांदेडच्या नव्या इमारतीत बॅचचा पहिला दिवस होता. मुलाने गोष्ट सांगितली, ठरलेल्या जागी आवाज जड केला. सूत्रसंचालकाने नेहमीप्रमाणे विचारले, "अण्णा आशीर्वादाचे दोन शब्द बोलतील का?" दर वेळी मी हात जोडून नकार देतो. यंदा उठलो.

मी म्हणालो, "तुमच्या सरांनी सांगितलं त्यात एक दुरुस्ती आहे. माळवदावर नवी माती घालण्याआधी जुनी काढायची असते, हे मला माहीत होतं. माझ्या बायकोलाही माहीत होतं. आमच्या घरात अज्ञान नव्हतं. त्या वर्षी सांगितलेलं काम झालं नाही, एवढंच घडलं. तुम्ही इथे शिकून मोठे व्हा. पण तुम्हाला सांगितलेलं काम कोण करतंय, ते घरी गेल्यावर विचारा."

टाळ्या झाल्या नाहीत. कार्यक्रम संपताच मुलाने मला त्याच्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले.

"सगळ्या पालकांसमोर, अण्णा? काय मिळालं तुम्हाला?"

"तिचं मरण तू बॅच भरायला वापरतोस. ते थांबव."

"मी चांगल्यासाठी सांगतो. मुलांना हुरूप येतो."

"मग खरं सांग. माळवद खरवडायचं माझ्याकडं होतं, मी न करता वर्गाला गेलो, असं सांग. त्यानंही येईल हुरूप."

त्याचा चेहरा उतरला. इतक्या वर्षांत मी हे प्रथमच बोललो होतो. तो खुर्चीत बसला आणि आमच्या गावच्या बोलीत, जी त्याच्या तोंडून मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती, म्हणाला, "मी चढलो होतो वर. खुरपं हातात होतं. आईच म्हणली, तू जा, तुजी गाडी चुकंल, मी खरवडते. अण्णास्नी मी सांगते."

"तिनं खरवडलं नव्हतं."

"तुमाला कसं ठावं?"

"मी गवत बघितलं."

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "तवाच का न्हाई बोललात?"

"तिनं मला झालं म्हणून सांगितलं होतं. तिचा शब्द मी पाडणार नव्हतो."

"आणि मी गावात राहिलो असतो तर मीबी त्याच्याखाली गेलो असतो, हे धरता का हिशेबात?"

"धरतो," मी म्हणालो. "रोज धरतो. म्हणूनच म्हणतो, जिनं तुला तिथून काढलं, तिच्या घराला अडाणी म्हणू नकोस."

त्याने ड्रायव्हरला बोलावून मला गावी सोडायला सांगितले.

लातूरच्या पुढच्या बॅचला मला बोलावणे आले नाही. तिथे गेलेल्या भाच्याने सांगितले की आता सर त्या गोष्टीचे नावच काढत नाहीत. माळवद नाही, आई नाही, थेट निकालांपासून सुरुवात करतात. "बरं झालं की मामा, मिटलं," असे तो म्हणाला.

मिटलेले नाही. खोटी गोष्ट थांबवून तिच्या जागी खरी सांगण्याची हिंमत माझ्या मुलाला झाली नाही. त्याने दोन्ही पुसल्या, आणि त्यांच्यासोबत आईलाही पुसले. पुन्हा एकदा सांगितलेले काम टाकून तो पुढच्या गाडीत बसला. म्हणून ते काम मी करतो. माळवद खरवडलेले नव्हते. खरवडायला वर चढलेल्या मुलाला त्याच्या आईने खाली उतरवून शिकायला पाठवले, ते काम स्वतःच्या अंगावर घेतले आणि हजार कामांत ते तिच्याकडून राहिले. ती माझ्याशी खोटे बोलली, ते मी मुलावर रागावू नये म्हणून. तिच्या शब्दावर मी विश्वास ठेवला. ती माझी चूक होती असे कुणी म्हणत असेल, तर तेही मला मान्य नाही. शिडी लावून बायकोच्या शब्दाची खात्री करणाऱ्यांतला मी नव्हतो. तिचा आणि माझा संसार असाच चालला, आणि त्याच संसारातून आजचा तो शिक्षणसम्राट उभा राहिला. हे ज्याला खोडायचे असेल त्याने गावी यावे. मी घरीच असतो.