डिकीतला डावा कोपरा

आईची चाकांची खुर्ची घरात आली त्याच दिवशी पप्पांनी गाडीच्या डिकीतून मोठ्या स्पीकरचा, सबवूफरचा डबा काढला. आमची गाडी लहान, दोन्ही एकत्र मावत नव्हती. काळं कार्पेट लावलेला तो चौकोनी डबा त्यांनी दुकानात नेऊन पंपांच्या जळक्या मोटारींच्या मागे ठेवला आणि वर पोतं टाकलं.

कोरेगावात पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारा आणि वॉर्निशचा वास. संध्याकाळी रहिमतपूरच्या रस्त्याला गाडीतून उगाच एक चक्कर मारायची, काचा बंद करून ढोलकीची गाणी लावायची, एवढाच त्यांचा शौक. ढोलकीचा ठेका पाठीत बसला पाहिजे, असं ते म्हणायचे. मणक्याच्या ऑपरेशननंतर आईला दर पंधरवड्याला मिरजेला दवाखान्यात न्यावं लागू लागलं, आणि गाडीत फक्त इंजिनाचा आवाज उरला. दारांमधले छोटे स्पीकर चालू होते, पण पप्पा ते लावायचे नाहीत. मी मागच्या सीटवर इयरफोन घालून बसायचे. त्यात बहुतेक वेळा काहीच वाजत नसायचं.

एकदा तासगावजवळ समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. वर बांधलेल्या स्पीकरमधून असा दणका येत होता की आमच्या काचा थरथरल्या. पप्पांनी आपली काच खाली केली आणि ट्रॅक्टर पार लांब जाईपर्यंत वर घेतली नाही. आईने ते पाहिलं. रात्री मी तिच्या पायांना तेल लावत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, “माझ्या खुर्चीनं त्यांची गाणी खाल्ली बग.”

मी तेल लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी एक व्हिडिओ शोधला आणि फोन नुसता पप्पांच्या हातात दिला. डिकीत चाकाच्या मागे बाजूला एक पोकळ कोपरा असतो. त्याच कोपऱ्याच्या आकाराचा फायबरचा डबा बनवून कोणीतरी स्पीकर बसवला होता. मधली सगळी जागा मोकळी. पप्पांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

“तो डावा कोपरा रिकामाच असतोय की आपला,” ते म्हणाले. “तुला कसं काय सुचलं गं?”

“असंच,” मी म्हणाले.

रविवारी त्यांचे एक मित्र यायचे ठरले. हे काका उसाच्या ट्रॅक्टरांवर साउंड बसवून देतात, फायबरचं कामही करतात. ते येण्याआधी आईने मला हाक मारली. “खुर्चीवरची वाकळ सोड आधी. बाहेरचं माणूस यायचं, काय म्हणंल?” जुन्या लुगड्यांची ती जाड वाकळ तिने स्वतःच शिवलेली. खुर्चीचं रेक्झिन तिच्या पाठीला टोचायचं, म्हणून चार बंदांनी ती खुर्चीला कायमची बांधलेली असे. मी ती सोडून कपाटात ठेवली. आईला ओसरीवरच्या कॉटवर बसवलं आणि चकचकीत खुर्ची मापाला बाहेर नेली.

काकांनी डिकीत डोकं घातलं. “ट्रॅक्टरला कसं, वर आभाळ मोकळं. कितीबी चढवा. हितं खुर्ची झोपवून बाजूला डबा बसवायचा म्हंजे…”

“जमंल का न्हाई ते बोल,” पप्पा म्हणाले.

“जमंल की. पर ट्रॅक्टरचा दणका मागू नगंस गड्या.”

“मला कुटं वरात काढायचीय?”

“काडा की,” आई ओसरीवरून म्हणाली. “मी बसते म्होरं.”

कोपऱ्याला चिकटपट्टी लावून त्यावर फायबरचं जाळीदार कापड बसवलं. वर रेझिन चोपडलं. त्या वासाने शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. उन्हात सगळं कडक झाल्यावर दोघांनी ओढून बाहेर काढलं, तर हातात आमच्या गाडीचाच एक तुकडा आल्यासारखा दिसत होता, सगळ्या उंचवट्याखळग्यांसकट. पुढून प्लायवूडची फळी लावली, तिला स्पीकरचं गोल भोक.

स्पीकरच्या कागदावर लिहिलं होतं की डब्यात वीस लिटर हवा हवी. असल्या वेड्यावाकड्या डब्यात किती मावेल हे फूटपट्टीने कळेना. मी म्हणाले, काहीतरी ओतून मोजू या. पाणी म्हटलं तर काका नाही म्हणाले. तेव्हा आईने ज्वारी आणायला लावली आणि दुधाचं लिटरचं माप मागून घेतलं. मोजायचं काम दुसऱ्या कोणाला दिलंच नाही. डबा कॉटला टेकवून ठेवला, आत प्लॅस्टिकची पिशवी घातली, आणि ती माप भरभरून ओतू लागली. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणाली नाही, ‘लाभ’ म्हणाली, खळ्यावर धान्य मोजताना म्हणतात तशी. कितीतरी महिन्यांनी घरात तिचा मोठा आवाज ऐकत होते मी. सतराव्या मापाला ज्वारी काठाशी आली.

“कमी पडतंय,” काका म्हणाले. “फळी म्होरं घ्यावी लागंल.”

खुर्ची ठेवून पाहिली. शेजारी चार बोटं जागा उरत होती. मग तीन बोटं फळी पुढे घेतली, पुन्हा खुर्ची ठेवली, डिकीचं झाकण लागलं. पप्पांनी ते दोनदा उघडून लावून पाहिलं. सगळ्यांनी चहा घेतला.

मिरजेला जायच्या दिवशी सकाळी पप्पांनी आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि खुर्ची मिटून डिकीत घालायला गेले. ती आत गेली नाही. तिरकी करून घातली, तरी झाकण लागेना. तेव्हा आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं. काका गेल्यावर परत बांधलेली वाकळ खुर्चीवर होती. मिटल्यावर तिची दुहेरी घडी खुर्चीच्या मध्ये फुगून बसत होती. मापाच्या दिवशी पाहुण्यासाठी तीच तेवढी काढून ठेवलेली.

पप्पा घरात गेले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. डब्याच्या स्क्रूला लावलासुद्धा.

“काय चाललंय मागं?” आईने विचारलं. तिला मागे वळता येत नाही.

मी सांगितलं.

“आवं, हिकडं या.” पप्पा तिच्या दाराशी गेले. “खुर्ची आली तवाधरनं घरातलं काय काय हललं, मी बगतीय. कॉट हलली, देव्हारा हलला, पोरगी शहरातनं नोकरी घेऊन हितं येऊन बसली. ह्यो डबा न्हाई हलायचा.”

“अगं, पर तुझ्या पाठीला—”

“वाकळ सोडा, मागं पोरीजवळ द्या. तिथं गेल्यावर परत बांधा. बंद बांधाया येत्यात न्हवं तुमास्नी?”

“येत्यात की.”

“बैलाची गाठ मारू नगा म्हंजे झालं. सुटली पायजे.”

पप्पांनी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला आणि खुर्ची उघडून एकेक बंद सोडायला बसले. मी मदतीला वाकले तर म्हणाले, “राहू दे, मला करू दे.” चारही बंद त्यांनीच सोडले.

विटा गाव मागे पडेपर्यंत गाणं लागलं नाही. मग त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, आवाज इतका बारीक की टायरचा आवाज त्याहून मोठा. आईकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. तिला हादरे सोसतील का, याचा तो हिशेब असावा. आईने हात लांबवून बटण फिरवलं. थोडं. मग अजून थोडं. ढोलकीचा ठेका सीटमधून माझ्या पाठीत शिरला. पप्पांचा डावा पाय हलायला लागला.

एवढ्यात मागून खडखड सुरू झाली. पप्पांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागे जाऊन पाहिलं आणि खिडकीशी आले.

“दणक्यानं नंबरप्लेट वाजतीय गं. कमी करू का?”

“वाजू दे की,” आई म्हणाली. “बसा, उशीर हुतोय.”