ताईनं धरलेला डूख

वंदनाताई गेली तेव्हा मी लातूरला शाळेत पेपर तपासत बसले होते. भावजींचा फोन आला. "नंदा, ताई गेली गं..." मुदखेडला पोचेपर्यंत एसटीत मला रडू आलं नाही. आलं ते अंत्ययात्रेनंतर, तिच्या चपला दाराशी दिसल्या तेव्हा.

ताई कॉलेजात गणित शिकवायची. वर्गात कडक, पण पाखरू दिसलं की लहान व्हायची. तीनेक वर्षांखाली, हिवाळ्यात, आम्ही दोघी तिच्या स्कुटीवर नांदेडला निघालो होतो. रस्त्याकडेला मुरूम काढलेला खड्डा, त्यात पावसाळ्याचं पाणी. ताईनं करकचून ब्रेक मारला. पाण्यात एक उंच काळा पक्षी उभा होता. पाठीवर हिरवी-जांभळी झाक, पोट पांढरं, चोच अन् पाय लालभडक. "नंदे, काळा करकोचा हाय हा! हिकडं कुठं दिसतो गं..." थंडीपुरता दूरदेशाहून येणारा, आपल्याकडं क्वचितच कुणाच्या नजरेला पडणारा. शेजारून ट्रक धडधडत होते आणि तो निवांत मासे टिपत होता. ताईचे डोळे भरून आले.

त्याच आनंदात तिनं नांदेडच्या एका फोटोग्राफरला फोन केला. पक्षिमित्र म्हणून मिरवणारा माणूस. नाव लिहीत नाही; वाचून त्याला कळेलच. तो मोटारीनं आला. करकोचा उडेना आणि ह्याला तर पंख पसरलेला फोटो पाहिजे. ताई "अहो, राहू द्या" म्हणेपर्यंत त्यानं दगड भिरकावला. पक्षी दचकून उठला आणि थेट विजेच्या तारांवर आदळला. खाली पडला तो उठलाच नाही. ह्यानं कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाला, "एक नंबर आलाय, मॅडम."

 परतून घराशी आल्यावर ताई म्हणाली, "मीच बोलावलं त्याला. आता मीच बघते त्याच्याकडं."

तिनं वनखात्याकडं तक्रार केली, तर त्यांनी पुरावा मागितला. मग लातूरला त्याच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं, मधोमध तोच करकोचा. ताई रजा टाकून माझ्याकडं आली आणि रोज त्या फोटोशेजारी उभी राहिली. येईल त्याला सांगायची, "फोटो झकास हाय न्हाई? आता ह्याच्या पुढं काय झालं ते ऐका." लोक ऐकायचे आणि वळून त्याच्याकडं बघायचे. शेवटी तो हात जोडून आला. "बाई, लई बेइज्जती झाली. माफ करा."

"माझी कशाला मागता माफी?" ताई फोटोकडं बोट करून म्हणाली.

नंतर देगलूर, नांदेड... जिथं तो, तिथं ही. मी म्हटलं, "ताई, बास की आता." तर म्हणे, "त्यानं सोडलं का पाखराला?" दुखण्यानं अंथरूण धरलं तेव्हाच तिचं हे उभं राहणं थांबलं.

ताई गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला तो फोटोग्राफर पांढरी फुलं घेऊन आला. तिच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बुद्धवंदना झाली, लोक एकेक उठून आठवणी सांगत होते. हा माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "झालं गेलं विसरा. बाई गेल्या आता."

मी त्याला पाणी दिलं. मग माईक घेऊन म्हणाले, "हे ताईच्या चांगल्या ओळखीचे. दोन शब्द बोलतील." आणि माईक त्याच्या हातात दिला.

"वंदनाताई फार... पक्षिप्रेमी होत्या," तो म्हणाला.

मी समोरच बसले. म्हणाले, "खड्ड्यापासून सांगा."

त्यानं भावजींकडं बघितलं. भावजी मान खाली घालून बसून राहिले.  घाम पुसत त्यानं सुरुवात केली. खड्डा सांगितला, पाणी सांगितलं, पक्षी सांगितला... दगडापाशी येऊन तो अडला. त्यानं माईक माझ्यापुढं धरला.

मी हात पुढं केला नाही.