गाडीवानाला झोप लागली

माझ्या बापाला झोप लागली आणि वाघाने बैल नेला, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणारे हसतात. मीही हसत आले. आता पन्नाशी उलटली, बाप जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा खरं काय ते लिहून टाकते.

बाप गाडीवान होता. चांद्याहून, म्हणजे आताच्या चंद्रपूरहून, जंगलात माल पोचवायचा. मला तो आवडायचा नाही. हेही मी जरा सांभाळूनच लिहिलं. मला त्याची किळस यायची. मी चांद्याला मामाकडे राहून चौथीत शिकत होते. मामी रोज माझ्या दोन वेण्यांना लाल फिती बांधायची. सुटीत घरी आले की हा माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवलेला हात तसाच माझ्या डोक्यावरून फिरवायचा. बोलायचा कमी, आणि बोलला की 'मले' अन् 'तुले'. मी भर अंगणात त्याला सुधारायची. तो म्हणायचा, "बरं माय, मला. आता मले पाणी दे."

एवढं मात्र होतं की जंगलाच्या वाटेला लोक त्यालाच बोलावायचे. मुक्कामात त्याचा बैल कधी गेला नव्हता. त्याच्या पांढऱ्या बैलाच्या गळ्यात एक लाकडी घंटा होती, आत दोन दांडकी लोंबणारी. बैल रवंथ करायला लागला की ती सावकाश टक, टक वाजायची, आणि त्या आवाजावर बाप खुशाल झोपायचा. बैलाला वाघाचा वास आला की तो मान झटकायचा, घंटा खडखडायची, आणि बाप जळतं लाकूड हातात घेऊनच उठायचा. मला यातही काही मोठं वाटत नसे. बैलाच्या गळ्यावर भरवसा ठेवून झोपणारा माणूस, एवढंच.

त्या दिवाळीत आई बाळंतपणाला माहेरी गेली होती. ताडोब्याच्या जंगलाला तेव्हा नुकतंच उद्यान म्हणायला लागले होते. नागपूरचे कोणी साहेब बायकामुलांसह तिथल्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहिले होते. त्यांच्या खाटा आणि तांदूळ पोचवायचं काम बापाकडे आलं, आणि घरात कोणी नव्हतं म्हणून मीही गाडीत. घरी धड कौलं असताना माणसं हौसेने जमिनीवर झोपायला येतात, हे बापाला काही केल्या कळेना. "या लोकायचं घर गळून राह्यलं काय?" त्याने मला हळूच विचारलं. मी तोंड फिरवलं. मला तो तंबू फार आवडला होता.

साहेबांना माझ्याच वयाची मुलगी होती. पायात बूट, मोजे. तिने मला बिस्कीट दिलं आणि माझ्या फितींना हात लावून पाहिला. मी शाळेतल्यासारखी, अगदी शुद्ध बोलत होते. बाप कोण, हे मी काही सांगितलं नव्हतं, पण तो चाळीस पावलांवर मोहाच्या झाडाखाली चूल मांडून बसला होता, तेव्हा सांगायची गरज नव्हतीच.

अंधार पडताना ती म्हणाली, "ती टकटक रात्रभर चालणार का गं? आई म्हणते, डोकं उठलं."

"मी बंद करते," मी म्हणाले.

बापाला सांगितलं तर तो हसला. "ते बंद केलं तर मले जागं कोण करीन? तू?"

"त्या लोकांना त्रास होतो."

"वाघ आला तर त्यायले जास्त होईन. झोप माय."

तो दिवसभर गाडी हाकून थकला होता. शेकोटीत मोठं लाकूड सारून लगेच घोरायला लागला. मी उठले. उजव्या वेणीची फीत सोडली आणि पांढऱ्याच्या घंटेची दोन्ही दांडकी एकमेकांना घट्ट बांधून टाकली. बैलाने माझ्या हाताला नाक लावलं, हलला नाही. माझा हात त्याच्या ओळखीचा होता. तंबूतल्या मुलीला सकाळी काय सांगायचं ते ठरवत मी झोपले.

पहाटे गाडीला हिसका बसला तेव्हा बाप उठला. दावं तुटलं होतं. तो जळकं लाकूड घेऊन ओरडत नाल्याकडे धावला. तांबडा बैल चाकापाशी थरथरत उभा होता. पांढऱ्याची जागा मोकळी.

उजाडल्यावर बाप परत आला तो खांद्यावर घोंगडी घेऊन. साहेब कपबशी हातात घेऊन बाहेर उभे होते. मागे त्यांची बायको, मुलगी, स्वयंपाकी.

"काय रे, एवढा बैल ओढून नेईपर्यंत तुला पत्ता नाही? झोपा काढायला आला होतास की काय?"

बापाने माझ्याकडे पाहिलं. माझी उजवी वेणी सुटलेली होती.

"हो साहेब. झोप लागली."

स्वयंपाकी खदखदला. "वा भाऊ! वाघानं उठवलं नाई हे नशीब!" सगळे हसले. ती मुलगीही हसली, आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणून मी हसले. बापासमोर. तो दोन हातांवर होता.

परत येताना एका बाजूला तांबडा आणि दुसऱ्या बाजूला जू खांद्यावर घेतलेला बाप, अशी ती रिकामी गाडी पहिल्या गावापर्यंत आली. मी मागून चालत होते. वाटेत थांबून त्याने पळसाच्या मुळाचा वाख, दोरीसारखा धागा, काढला, सोलला आणि माझी वेणी बांधून दिली. मग घोंगडीतून घंटा काढली. लाल फीत तशीच होती, चिखलाने काळी झालेली.

"गाठ चांगली मारली होतीस," तो म्हणाला. "नाल्यापर्यंत फरफटली, तरी सुटली नाई." आणि दाताने ती गाठ सोडायला लागला.

त्यानंतर जंगलाच्या वाटेला त्याला कोणी बोलावलं नाही. 'झोप्या' म्हणायला लागले. तो लोकांच्या धानात रोजीने जायला लागला, आणि मी शिकून मास्तरीण झाले. मी त्याला माफ केलं नाही. तो ओरडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर आमचं फिटलं असतं. त्याने ते पाठीवर घेतलं आणि मला आयुष्यभर भित्री करून ठेवलं, असं मी स्वतःला सांगायची. भित्री मी आधीपासूनच होते. त्याला तुच्छ मानल्याशिवाय मला मान वर करून चालता आलं नसतं.

गेल्या महिन्यात गावी गेले होते. भाच्याकडे उद्यान पाहायला आलेले पाहुणे उतरले होते, आणि तो त्यांना आजोबांची गोष्ट रंगवून सांगत होता. घोरण्याची नक्कलही केली.

मी म्हणाले, "घंटा मी बांधली होती. माझ्या फितीने. त्याचा काही दोष नव्हता."

भाचा हसला आणि त्याने माझ्यापुढे चहा सरकवला.

"राहू दे मावशी," तो म्हणाला, "बापाची बाजू घेऊन राह्यली तू. पोरीले बाप प्यारा असतेच."

पाहुण्यांतल्या बाई माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मी चहा घेतला.